उरलेली मजुरी कोण भरतं?

माणशी वर्षाला अठरा वार कापड, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला बहात्तर वार. मोठ्या माणसाला दिवसाला २७०० कॅलरी मिळतील एवढं अन्न. सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या कमीत कमी जागेचं भाडं. जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं हे मोजमाप ठरवलं. गुलझारीलाल नंदा तेव्हा केंद्रात कामगारमंत्री होते. परिषदेत कामगार संघटना होत्या, मालकांचे प्रतिनिधी होते आणि सरकारंही होती. तिघांनी मिळून एक गोष्ट मान्य केली. कामगाराला कमीत कमी किती द्यायचं हे बाजारात काय दर चाललाय ते बघून ठरवायचं नाही. घर चालवायला काय लागतं ते बघून ठरवायचं.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले आहेत. कोणी वकील आहे, कोणी संघटनेत आयुष्य घातलं आहे, कोणी शेतीचा अभ्यासक आहे, आणि काही जण स्वतः त्या पगारावर जगलेले आहेत. त्यांची मतं एकमेकांशी जुळतातच असं नाही, पण सगळ्यांची वाट त्या १९५७ च्या यादीपाशी येते. म्हणून वाचकानं ती आधी नीट पाहून घ्यावी. कमावणारा पुरुष म्हणजे एक एकक, त्याची बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज तीन. बायकोची आणि मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, असंही परिषदेनं स्पष्ट म्हटलं. म्हणजे एका माणसाच्या पगारात तीन एककांचं भागलं पाहिजे. म्हातारे आईवडील यादीत नव्हते. शाळेचा खर्च नव्हता, दवाखाना नव्हता. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांचा खर्च त्यात धरला. कुटुंबाची तीन एककं हेही एक कलम धरून अशी मिळून सहा कलमं झाली. किमान वेतन वाढवावं की नाही हा वाद ज्याला घालायचा असेल त्यानं या सहांपैकी कुठलं कलम काढून टाकायचं ते आधी सांगावं, अशी माझी साधी अपेक्षा आहे. टक्केवारीवर बोलणारे पुष्कळ भेटतात. कापड कमी करा, की दवाखाना काढा, हे कोणी सांगत नाही.

कायदा या यादीच्याही आधीचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. ते मंजूर होऊन कायदा झाला १९४८ साली, स्वतंत्र भारताचे पहिले कामगारमंत्री जगजीवनराम यांच्या काळात. त्याच्या अनुसूचीत सुरुवातीला कोणते धंदे होते ते पाहिलं की कायदा कुणासाठी होता हे कळतं. विडी, डाळ-तांदळाच्या गिरण्या, तेलाच्या गिरण्या, रस्त्याचं काम, खडी फोडणं, चामडं कमावणं आणि दुसऱ्या भागात शेती. जिथे संघटना उभी राहू शकत नव्हती, मालकाशी बसून दर ठरवायची ताकद कामगाराकडे नव्हती, अशी ही कामं. त्यांत बहुतेक दलित, आदिवासी, भटके आणि बायका. गिरणी कामगारासाठी निवाडे होते, लवाद होते, महागाई भत्त्याचे करार होते. खडी फोडणारीसाठी काहीच नव्हतं, म्हणून कायदा.

मालक लगेच न्यायालयात गेले. अजमेरच्या एका कापड गिरणीच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. पुढे केरळच्या कौल कारखानदारांचा खटला आला, तेव्हा न्यायालयानं सांगितलं की मालकाची ऐपत हा मुद्दा किमान वेतनात येतच नाही. रास्त वेतनाच्या बाबतीत तो येईल. ज्या धंद्याला किमान मजुरी परवडत नाही त्याला चालायचा हक्क नाही, असा त्याचा अर्थ होतो. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे, असा तो निकाल. कायद्याच्या बाजूनं यापेक्षा स्पष्ट बोलणं होऊ शकत नाही. म्हणून या भागावर मी अधिक रेंगाळत नाही. पुस्तकात त्यावर स्वतंत्र लेख आहे.

मला जे सांगायचं आहे ते वेगळं. कमी मजुरी दिली की काम स्वस्तात झालं, अशी आपली समजूत आहे. माणूस तर जगायचाच असतो. उद्या सकाळी तो परत कामावर यायचा असतो आणि वीस वर्षांनी त्याच्या जागी त्याचा मुलगा यायचा असतो. त्याला जगवायला जितके पैसे लागतात तितके लागतातच. मालकानं त्यातले निम्मे दिले तर उरलेले निम्मे दुसरं कोणीतरी भरत असतं. ते कोण, एवढं शोधत गेलं की हा वाद फार वेगळा दिसू लागतो.

मुंबईच्या गिरण्यांचंच घ्या. गिरणगावातल्या खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपत. बहुतेक रत्नागिरीचे, सिंधुदुर्गातले, साताऱ्याच्या घाटावरचे. बायको-मुलं गावी. मनिऑर्डर गावी जायची हे आपण ऐकत आलो, त्यावर गाणी झाली, गोष्टी झाल्या. उलट्या दिशेनं काय यायचं याचा हिशेब कमी झाला. चार महिन्यांचे तांदूळ गावाहून यायचे. मुलांना वाढवायचं काम गावातली बाई करायची. आजारी पडलेला गडी गावी जाऊन बरा व्हायचा, म्हातारा झालेला गावीच जाऊन मरायचा. गिरणीमालक एका माणसाच्या पोटापुरतं द्यायचा आणि कुटुंब कोकणातल्या वरकस जमिनीवर, तिथल्या बाईच्या कंबरेवर उभं राहायचं. मुंबईत त्या गड्याचं जेवण खानावळवाली बाई उधारीवर चालवायची. वाण्याकडून व्याजानं सामान आणायचं, महिनाभर चार-पाच किंवा दहा-बारा जणांना जेवू घालायचं, पगार झाला की पैसे मिळायचे. पगार उशिरा झाला, संप झाला, तर बुडालेले पैसे तिचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. कापड गिरणीच्या ताळेबंदात या बाईचं नाव कुठेच नाही, पण गिरणीच्या मजुरीतला एक भाग ती भरत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि महिनोन्‌महिने टिकले, तेही त्यातल्या हजारोंना गावाकडची भाकर होती म्हणून.

आता गिरण्या नाहीत. त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या दारात जो माणूस निळ्या शर्टात उभा आहे त्याची वेतनपावती मी पाहिली आहे. तो मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आला, चार एकर कोरडवाहू भावाकडे सोडून. पावतीवर सगळं बिनचूक होतं. मूळ वेतन, विशेष भत्ता, भविष्यनिर्वाह निधीची कपात, राज्य विम्याची कपात, व्यवसाय कर. कामाचे दिवस सव्वीस, रोजचे आठ तास. कोणी निरीक्षक आला तर बोट ठेवायला जागा नाही. प्रत्यक्षात तो सकाळी आठ ते रात्री आठ उभा असतो आणि महिन्याचे तीसही दिवस उभा असतो, कारण सुट्टी घेतली तर तो दिवस कापला जातो आणि जागाही जाईल की काय अशी भीती असते. पावतीतले तास होतात २०८. त्यानं केलेले तास होतात ३६०. जादा १५२ तासांना कायद्यानं दुप्पट दर, म्हणजे ३०४ तासांचे पैसे. एकूण त्याला ५१२ तासांची मजुरी मिळायला हवी होती. हातात पडली २०८ तासांची. निम्म्याहून कमी. शिवाय त्याचं एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असतं, पगार जमा झाला की ‘युनिफॉर्मचे’ म्हणून काही हजार आधी निघतात आणि मग कार्ड त्याच्या हाती येतं. हे त्यानं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. ‘असंच असतं साहेब, सगळीकडे असंच,’ एवढंच म्हणाला.

यात रखवालदार पुरवणारा ठेकेदार वाईट आहे असं म्हणून सुटता येत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तीन एजन्स्यांचे दर वाचले जातात आणि हात वर होतात ते सगळ्यात कमी दराला. त्या दरात किमान वेतन, दुप्पट जादा काम, निधी, विमा, बोनस आणि एजन्सीचा नफा हे सगळं बसतच नाही, हे आकडेमोड करणाऱ्या कोणालाही पाच मिनिटांत कळेल. सरकारी कार्यालयं, महापालिका, रुग्णालयं यांच्या निविदांतही तेच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं हे आधीच ओळखलं होतं. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकाची, असं त्यात लिहिलं होतं. आणि महाराष्ट्रानं तर त्याआधी, १९६९ साली, माथाडी कायदा करून मधला माणूसच बाजूला काढला. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही त्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे भरायची, मंडळानं ती हमालाला द्यायची. अण्णासाहेब पाटलांनी बाजारपेठेतल्या पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसांसाठी हे मिळवलं. १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठीही तसंच मंडळ झालं. मार्ग माहीत नाही असं आपण म्हणू शकत नाही. त्या मंडळांच्या बाहेर आपण लाखो माणसं जाऊ दिली.

आकड्याचं काय झालं ते पाहू. कायदा म्हणतो की पाच वर्षांच्या आत दराचं पुनर्विलोकन व्हावं. महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचे दर २०१० साली ठरले. महापालिका क्षेत्रात, म्हणजे परिमंडळ एकमध्ये, अकुशल कामगाराचं मूळ वेतन महिना ५००० रुपये. त्यानंतरची सुधारणा झाली जुलै २०१९ मध्ये, तेव्हा ते १०,०२१ झालं. मध्ये नऊ वर्षं गेली. दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता वाढतो हे खरं, आणि तो नसता तर परिस्थिती आणखी वाईट असती. पण भत्ता फक्त जुन्या वेतनाची किंमत टिकवायचा प्रयत्न करतो. त्या नऊ वर्षांत मुलांच्या शाळेला मोबाइल लागू लागला, पाणी विकत घ्यावं लागलं, खोलीचं डिपॉझिट वाढलं, हे त्यात येत नाही. दर वेळेवर न बदलणं हा वेतनकपातीचा सगळ्यात शांत मार्ग आहे, आणि त्यासाठी कोणाला आंदोलनाला तोंड द्यावं लागत नाही.

केंद्राच्या पातळीवर तर २०१९ साल डोळ्यांत भरतं. सरकारनंच नेमलेल्या अनुप सत्पथी यांच्या तज्ज्ञ समितीनं १९५७ चं मोजमाप आजच्या आहारशास्त्राला धरून नव्यानं मांडलं. २४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. आणि कुटुंबाची एककं तीनऐवजी ३.६. आकडा आला दिवसाला ३७५ रुपये, तोही जुलै २०१८ च्या किमतींना, शहरात घरभाड्याचे वेगळे. त्याच वर्षी राष्ट्रीय तळवेतन जाहीर झालं ते १७८ रुपये. आधीच्या १७६ वर दोन रुपयांची वाढ. समितीची पद्धत चुकीची आहे असं म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं ऐकायला मी तयार आहे. पण ३७५ मध्ये काय आहे ते ग्रॅमपर्यंत सांगता येतं. १७८ मध्ये काय आहे आणि काय नाही, हे कोणीच मांडून दाखवलेलं नाही.

आता विरोधकांच्या मुख्य मुद्द्याकडे. मजुरी वाढवली तर कामं कमी होतील, गरिबाचंच नुकसान होईल. हा मुद्दा हेतूवर शंका घेऊन उडवून लावू नये. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी राज्यातल्या हॉटेलांचा अभ्यास केला. तिथे एप्रिल १९९२ मध्ये किमान दर ताशी सव्वाचार डॉलरवरून ५.०५ झाला होता आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो तसाच राहिला होता. दोन्हीकडच्या फास्ट फूड हॉटेलांची तुलना करून त्यांनी १९९४ साली दाखवलं की रोजगार घटला नाही. त्यावरून मोठं वादळ झालं, अजूनही आहे. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की जिथे काम देणारे थोडे आणि मागणारे पुष्कळ असतात तिथे मजुरी आधीच दाबलेली असते, आणि ती काही अंशी वर नेली तर काम नाहीसं होत नाही. आपल्या गावात, तालुक्याच्या एमआयडीसीत, विडीच्या कारखान्यात हीच स्थिती आहे. दर ठरवणारे पाचजण, तेही एकमेकांना विचारून ठरवणारे.

पण न्यू जर्सीपेक्षा आपल्या घरचा धडा मोठा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी कापतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारावर १९७५ साली व्यवसाय कर बसवला, त्यातून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून खटावच्या किंवा पाटोद्याच्या नालाबंडिंगवरची मजुरी निघत होती. या राज्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. मग १९८८ साली शेतमजुरीचे किमान दर दुप्पट झाले आणि रोजगार हमीचा दरही त्याबरोबर वर गेला. मार्टिन राव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी या वाढीनंतर काय झालं ते अभ्यासलं. दर वाढला, पण त्या प्रमाणात खर्च वाढवायची तयारी झाली नाही. कामं कमी निघू लागली, मागेल त्याला काम या शब्दाला तडा गेला. मजुरी वाढवू नये असा याचा अर्थ कोणी काढत असेल तर मला तो मान्य नाही. उरलेले पैसे कोण भरणार हे न ठरवता दर वाढवला की ते शेवटी मजुराच्याच अंगावर येतात, कमी दरातून नाही तर कमी दिवसांतून, असा मी त्याचा अर्थ लावतो. पुढे केंद्राच्या रोजगार हमी योजनेत तर २००९ पासून मजुरी किमान वेतन कायद्यापासूनच तोडली गेली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती.

सगळ्यात अवघड प्रश्न शेताचा आहे, आणि पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग त्याला दिला आहे हे योग्यच झालं. सोसायटी आणि कारखाना यांना जे ऐकवता येतं ते शेतकऱ्याला तसंच्या तसं ऐकवता येत नाही. जालना किंवा यवतमाळकडे ऑक्टोबरात कापसाच्या वेचणीला जा. बायका सकाळी आठला ओळी धरतात, कमरेला ओटी बांधलेली, बोंडाच्या टोकांनी बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोप्रमाणे पैसे. पहिल्या वेचणीला बरे पडतात. तिसऱ्या वेचणीला कापूस विरळ असतो, तितकंच चालून-वाकून निम्मं वजन भरतं आणि दर मात्र तोच. खुरपणीला बाईचा रोज तीनशे असेल तर फवारणीला गड्याचा पाचशे. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला हे तिथे बोलून दाखवलं तर दोघंही हसत नाहीत, रागावत नाहीत, ऐकून घेतात. खुरपणी बाईचं काम आणि फवारणी गड्याचं, दर कामाचा आहे, असं उत्तर मिळतं. आणि तो शेतकरी, ज्याच्या बांधावर आपण उभे असतो, तो त्याच आठवड्यात सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेला असतो आणि हमीभावाच्या खाली विकून आलेला असतो. ‘मला भाव द्या, मी मजुरी देतो,’ असं तो म्हणतो. ते खोटं नाही. कित्येकदा तो स्वतः वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या बांधावर मजूर असतो.

शरद जोशींनी ऐंशीच्या दशकात हेच जोर लावून मांडलं: शेतकरी आणि शेतमजूर यांची भांडणं लावू नका, दोघांच्या गरिबीचं मूळ शेतीमालाच्या भावात आहे. त्यांचं निदान मला बरंचसं पटतं. एक गोष्ट मात्र त्यात राहून जाते. भाव वाढला की तो आपोआप वेचणाऱ्या बाईपर्यंत उतरतो, असा अनुभव नाही. ज्या वर्षी कापसाला दर चांगला मिळाला त्या वर्षी तिचा रोज वाढला तो बहुतेक ठिकाणी वेचायला माणसं मिळेनात म्हणून, आणि पुढल्या वर्षी भाव पडला तेव्हा तो लगेच खाली आला. म्हणून शेतीमालाच्या भावाच्या हिशेबात मजुरी कायदेशीर किमान दरानं धरली पाहिजे, आणि तशी धरल्यावर ती मजुराच्या हातात पडली का हेही पाहिलं पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच सभेत, एकाच व्यासपीठावरून झाल्या पाहिजेत. तसं व्यासपीठ महाराष्ट्रात मला आज दिसत नाही, आणि ही उणीव मला या सबंध चर्चेतली सगळ्यात जाचणारी वाटते. ऊसतोडणीचं उदाहरण या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. तिथे मजुरी ठरते साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्या करारानं. जानेवारी २०२४ मध्ये टनामागे चौतीस टक्के वाढ मिळाली ती कोयता बंद ठेवायच्या इशाऱ्यावर. कायद्यानं मिळाली नाही. आणि त्या करारातही कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल नवऱ्यानं घेतलेली, बाईच्या नावावर वेगळा पैसा नाही.

बाईच्या या अर्ध्या असण्याची सुरुवात त्या ०.८ पासून होते असं मी म्हणणार नाही, पण शासकीय कागदावर ती तिथे उमटली हे खरं. घरकामाचं पाहा. धुणं-भांडी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं सगळं करणं. शहरातला मध्यमवर्ग ज्या कामावर उभा आहे ते काम महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अनुसूचीत आलंच नाही. कर्नाटकानं आणि केरळनं या शतकाच्या सुरुवातीलाच घरकामाचे दर ठरवले. महाराष्ट्रानं २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, दर मात्र ठरवले नाहीत. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, पुण्यातल्या मोलकरणींनी कोणाच्या सांगण्याशिवाय काम बंद केलं होतं. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली आणि संघटनेनं दरपत्रक काढलं: इतक्या माणसांच्या भांड्यांना इतके, कपड्यांना इतके, महिन्याच्या ठरावीक भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एका महिन्याचा बोनस. सरकारनं जे काम केलं नाही ते त्या बायकांनी स्वतः बसून केलं, आणि दारोदार जाऊन ते मान्य करून घेतलं. हे पुस्तक हातात घेणाऱ्या पुष्कळांच्या घरी रोज सकाळी एक बाई येत असेल. तेही मालक आहेत. त्यांनी आपल्याकडचे तास मोजून भागाकार करून पाहावा. मी ज्या रखवालदाराची पावती वर मांडली त्याच्या ताशी दराशी तो ताडून पाहावा.

नवी वेतन संहिता २०१९ साली संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यावर या पुस्तकात परस्परविरोधी दोन लेख आहेत, दोन्ही वाचावेत. अनुसूचीची कटकट गेली, आता कुठल्याही कामावरचा कामगार किमान वेतनाचा हक्कदार आहे, आणि तळवेतनाला प्रथमच कायद्याचं बळ आलं. हे मोठं पाऊल आहे. आधी देशभरात अनुसूचित कामांचे ४२९ प्रकार आणि त्यात अकुशल कामाच्याच १९१५ वर्गवाऱ्या होत्या, असं २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीनंच नोंदवलं होतं. जुन्या कायद्यात कमी मजुरी देणाऱ्याला दंड होता पाचशे रुपयांपर्यंत, १९४८ सालचे पाचशे, कधी न वाढलेले. तो आता पन्नास हजारांपर्यंत गेला. पण तळवेतनाचा आकडा कुठल्या मोजमापानं काढायचा हे संहितेनं सरकारवर सोडलं आहे, आणि निरीक्षकाला आता निरीक्षणाबरोबर मालकाचा सल्लागारही व्हायचं आहे. आकडा पुन्हा १७८ च्या वाटेनं गेला तर सगळ्यांना लागू असलेला कायदा सगळ्यांना अपुरा लागू होईल.

समिती न नेमता दर बदलायचा तर सरकारला आधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो आणि हरकती-सूचनांसाठी निदान दोन महिने द्यावे लागतात. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. मालकांच्या संघटनांच्या हरकती टाइप करून, आकड्यांच्या तक्त्यांसह, वेळेत येतात. दुसऱ्या बाजूनं आलेलं निवेदन बहुतेकदा एका पानाचं असतं आणि त्यात ‘महागाई वाढली आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. या पुस्तकातल्या शेवटच्या तीन लेखांत लातूर, नाशिक आणि ठाण्यातल्या घरांचा महिन्याचा खर्च कलमवार मांडला आहे: धान्य किती किलो, तेल किती, भाडं, फी, एसटीचा पास, गोळ्या-औषधं. आपल्या भागातले आकडे घालून हाच तक्ता कोणालाही भरता येईल. भरलेले तक्ते त्या दोन महिन्यांत कामगार आयुक्तांच्या टेबलावर पोचले, शेकड्यांनी पोचले, तर हे लेख लिहिणाऱ्यांचे कष्ट कारणी लागले असं मी समजेन.